अर्धं भरलेलं मशीन

लोक माणसं चेहऱ्यांवरून ओळखतात,
मी मोज्यांवरून.
सव्वीस वर्षं या क्लबाचे कपडे धुतले मी
आयरिश समुद्राच्या काठी, जिथे दोरीवरचं
धड वाळत नाही, आणि वाळलंच
तर मिठानं पापडासारखं कडक होतं.

तीन नंबर. रॉस डॉकरे. डावा बचावपटू.
सोळाव्या वर्षी आला तेव्हा जर्सी त्याच्या मांड्यांवर लोंबायची
आणि डाव्या मोज्याची टाच दर शनिवारी फाटलेली.
धावता धावता अचानक थांबायची ही खोड
प्रशिक्षकाच्या आधी मला कळली.

एकविसाव्या वर्षी मोठ्या शहरानं त्याला विकत घेतलं.
तिथे म्हणे बुटांना वेगळा माणूस, मोज्यांना वेगळा.
दीड हंगाम, नऊ सामने, मग गुडघा.
परतला तो कुबडी घेऊन, गाडी विकून.
कुणी काही विचारलं नाही.
मी विचारलं, "टाच अजून फाटते का रे?"

पुढची अकरा वर्षं याच चिखलात.
तीनशे बारा सामने, चार गोल,
पाचवा आपल्याच जाळ्यात,
आणि गावाला आठवतो तो पाचवाच.
साधू वगैरे नव्हता. एकदा हरल्यावर
माझ्या खोलीचं दार लाथेनं मोडलं,
दुसऱ्या दिवशी बिजागऱ्या आणि स्क्रू घेऊन हजर.
उलटं बसवलं. अजून बाहेरच्या बाजूला उघडतं.

निरोपाच्या सामन्याला एकोणीसशे माणसं आली, आडव्या पावसात.
त्या तिकिटांचे पैसे खेळाडूचे, अशी रीत.
त्यानं चार मशीनं घेतली, दोन ड्रायर,
आणि स्टँडखालची गोदामाची खोली भाड्यानं मागितली.
मला वाटलं, चेंडू डोक्यानं मारून मारून झालं याचं.

झालं होतं असं:
गुरुवारी तो शाळेत पोरांना खेळ शिकवायला जायचा.
एक मुलगी कायम रांगेच्या शेवटी,
कुणाला जवळ येऊ देईना.
शर्टाची कॉलर तिनं ओल्या बोटानं पुसलेली,
फक्त कॉलर, जेवढी दिसते तेवढी.
घरात नाण्यांवर चालणारा मीटर.
अंधारात जेवता येतं,
कपडे धुता येत नाहीत.

पहिल्या आठवड्यात कुणीच आलं नाही.
फुकट धुवून मिळेल, असं लिहिलेल्या दारातून
कोण आत शिरेल भर गावात?
त्यानं पाटी काढली.
मग दारात उभा राहून, येईल त्या आईला अडवून,
तोंड पाडून सांगायला लागला:
"मुलांच्या संघाच्या जर्सी लावल्यात, पण मशीन अर्धंच भरलंय.
अर्ध्यावर चाललं की बिघडतं हे.
तुमचं काही असेल तर टाका ना, उपकार होतील."

आणि त्या उपकार करू लागल्या.
आधी एक गणवेश, मग दोन, मग पिशव्या,
मग ती मुलगीही, आता रांगेत मधेच कुठेतरी.
वर्तमानपत्राचा फोटोवाला आला तेव्हा
हा ड्रायरच्या मागे जाऊन बसला, सहा फूट दोन इंच,
गुडघा दुमडत नाही तरी.
घड्या मात्र वाईट घालतो.
बाहीला बाही कधी जुळली नाही त्याची.

यंदाच्या जानेवारीत
पेन्शन आणि मीटर यांचा मेळ
माझ्याकडेही बसेना.
दोन चादरी पिशवीत घालून गेले,
म्हटलं, सहज आले होते, घड्या बघायला.
त्यानं पिशवीकडे पाहिलं नाही.
मशीनच्या काचेत पाहिलं बराच वेळ,
भुवया आवळल्या,
"मॅव्हिस, अर्धंच आहे हे. बिघडेल."

सव्वीस वर्षं मशीनं चालवलेली बाई मी.
अर्ध्यावर ती बिघडत नाहीत,
हे त्याला मीच शिकवलं होतं.

"मग बिघडू कशाला द्यायचं," म्हणाले
आणि पिशवी पुढे केली.